डोंगळ्यावरचा वेडा राघू

वेडा राघू हा पक्षी मला कधीच आवडला नाही. अंगानं चिमणीएवढा, थाट मात्र नवरदेवाचा. गवतासारखा हिरवा रंग, डोक्यावर तांबूस झाक, डोळ्यातून काजळाची रेघ ओढलेली आणि शेपटीतून दोन बारीक पिसं उगाच बाहेर आलेली. दिवसभर विजेच्या तारेवर बसायचं, माशी दिसली की सूर मारायचा, पुन्हा त्याच जागी येऊन ती तारेवर आपटायची, घासायची आणि गिळायची. दुसरा कामधंदा नाही. असली माणसं आमच्या गावच्या पारावर पुष्कळ बसलेली असतात, तेव्हा पक्ष्याचं काय कौतुक करायचं?

पण आमच्या ह्यांच्या शेजारी बसवला तर तो शहाणा ठरतो, हे मला गेल्या उन्हाळ्याच्या तोंडी कळलं.

कोल्हारला नदीकडेला आमचं रान. एका वाफ्यात दरवर्षी डोंगळे लावतो, म्हणजे बियाण्यासाठी राखलेले कांदे. त्यांना उंच दांडे येतात, दांड्यांवर पांढरे गोंडे फुलतात आणि मधमाश्या फिरल्या की त्यात बी धरतं. हे बी सासूबाईंच्या हातचं. त्या गेल्या, तेव्हापासून मी चालवतेय. आदल्या वर्षीचं साठवलेलं सगळं ओल लागून गेलं होतं. डब्यात दाणा नव्हता. यंदा गोंडे भरले नाहीत तर वाणच संपणार, या काळजीनं मला घास गोड लागत नव्हता.

गोंडे फुलले, माश्या आल्या आणि माश्यांमागे राघू आले. पलीकडच्या ओढ्याच्या दरडीत बोळासारखी बिळं कोरून त्यांचा संसार चाललेला. ह्यांनी एकाला माशी गिळताना पाहिलं आणि डोकं फिरलं.

"आपलं बी खातोय त्यो!"

"बी न्हाई, माशी खातोय," मी म्हणाले. "खाऊन खाऊन किती खाईल?"

"तुला काय कळतंय त्यातलं?"

हे वाक्य आलं की आमच्याकडे विचार संपतो आणि कामाला सुरुवात होते. चमकत्या फिती बांधून झाल्या. पत्र्याचा डबा बडवून झाला. मग गोफण निघाली. जन्मात एक चिंच न पाडलेला हा नेमबाज! दगड सुटला की राघू या तारेवरून त्या तारेवर जाई, आणि मोडत ते आमचेच दांडे. मी मोडके दांडे दाखवले, तर म्हणाले, लढाईत थोडं नुकसान व्हायचंच.

त्यातच भाच्याचं जावळ निघालं आणि मी माहेरी घोडेगावला गेले. परत आले तर हे बांधावर मिशीला पीळ देत उभे.

"बघ! एक राघू ऱ्हायला न्हाई."

तार खरंच रिकामी होती. पण माझं लक्ष तारेकडे नव्हतं. फुललेल्या डोंगळ्यात उभं राहिलं की कानात घूं घूं भरते. तिथं काहीच ऐकू येत नव्हतं.

"फवारलं काय तुमी?"

"फुलकिडे पडले हुते. दुकानदार म्हनला, भारीतलं मारा. सकाळच्याला मारलं."

भर फुलात, माश्यांच्या वेळेला! गोंड्यांखाली माश्या पाय आखडून पडल्या होत्या. राघू ह्यांच्या शौर्याला भिऊन गेले नव्हते, त्यांच्या पोटाला काही उरलं नव्हतं. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात तो हाच. मी बांधावर बसून संतापानं रडले. ह्यांना आधी कळेचना. एक माशी उचलून हातावर ठेवली, तेव्हा मिशीवरचा हात खाली आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना वाफ्यात उभं केलं. "माश्या मारल्या ना? आता माशीचं काम करा. ह्या गोंड्यावरून तळहात फिरवायचा, मग त्या गोंड्यावरून." गडी कामाला लागला. रस्त्यानं जाणारे विचारत, "काय पाटील, कांद्याचे लाड चाललेत का?" हे मान वर करत नसत. मला दया आली नाही. रोज सकाळी मी एका टोकानं, हे दुसऱ्या टोकानं. हजारो माश्यांच्या जागी आमचे चार हात कुठं पुरायचे, असं मनात येई.

एका सकाळी ह्यांची हाक आली, "अगं ये! पळत ये!" साप निघाला म्हणून मी धावले. तर हे तारेकडे तोंड करून उभे, तळहात परागानं पिवळे. वर एक राघू काहीतरी तारेवर आपटत होता.

"नीट बघ. माशीच हाय का ती?"

मी डोळ्यांवर हात धरून पाहिलं. "व्हय. मधमाशीच हाय."

राघूनं ती गिळली आणि लगेच दुसरीवर झेप घेतली. हे मटकन बांधावर बसले. मग ते पिवळे हात वर जोडून म्हणाले, "खा बाबा, खा."