ए चं बटण

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. बहिणीला नाही, लेकीलाही नाही. तुम्हाला सांगतेय — का, ते मलाही नीट माहीत नाही.

आमच्या ह्यांना झटका आला आणि वाचा गेली. उजवा हातही गेला. समजतं सगळं, पण शब्द फुटत नाही. मग लेकीने तिचा लॅपटॉप आणून दिला. हे डाव्या हाताच्या बोटाने इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करायचे, आणि लॅपटॉप ते मोठ्याने वाचायचा. मुलुंडच्या आमच्या दोन खोल्यांत पुन्हा बोलणं सुरू झालं. त्या दिवशी मी आनंदाने रडले होते.

पण माणूस घरात काय बोलतो? चहा गार आहे. पंखा कमी कर. कुठे होतीस इतका वेळ? दिवसभर तो सपाट आवाज. मी कंटाळले होते का? — हो. कंटाळले होते.

एके दिवशी ए चं बटण चालेना. ए नाही तर मराठी लिहायचं कसं? खालच्या मजल्यावरची प्रज्ञा कॉम्प्युटरचंच काम करते, ती दुपारी आली. हे झोपले होते. तिने लॅपटॉप बंद करून चालू केला, बटणाखालची धूळ फुंकली, कापसाने पुसून पाहिलं. मग स्वतःचा कीबोर्ड आणून वायरने जोडला — त्यावर ए लगेच उमटलं.

"काकू, लॅपटॉप चांगलाय, फक्त बटण गेलंय. तोवर हा लावून ठेवा, काकांचं अडणार नाही," म्हणाली आणि गेली.

मी तो कीबोर्ड काढला — आणि कपाटात चादरींखाली ठेवला.

हे उठल्यावर सांगितलं, "बिघडलाय. पार्ट यायला वेळ लागेल." त्यांनी मान हलवली. माझ्यावर नाही, तर कुणावर विश्वास ठेवणार?

आणि खरं सांगू — ते शांत दिवस मला आवडले. हे मधूनच लॅपटॉप उघडून ए दाबून बघायचे, परत मिटायचे. मी बघायचे — आणि भाजी निवडायला घ्यायचे.

मग गावाहून नणंदेचा फोन आला. ह्यांचे थोरले भाऊ, आप्पा, अगदी शेवटाला आले होते. "दादा, आप्पाच्या कानाशी फोन धरलाय. बोल रे काय तरी." ह्यांनी लॅपटॉप ओढला. ए दाबलं. पुन्हा दाबलं. जोर लावून दाबत राहिले. आप्पा एवढंसुद्धा लिहिता येईना. पलीकडे नणंद रडायला लागली आणि फोन कट झाला.

मी धावत कपाटाकडे गेले. चादरींखालून कीबोर्ड काढला आणि आणून जोडला. "प्रज्ञाने दिलाय," एवढंच म्हटलं. परत फोन लावला. लागला — आजही त्यासाठी मी मनातल्या मनात हात जोडते. लॅपटॉप बोलला, "आप्पा, मुंबईत मला तू आणलंस. विसरलो नाही." नणंद म्हणाली, "दादा, आप्पाने डोळे उघडले."

दुसऱ्या दिवशी आप्पा गेले.

आता तो सपाट आवाज आला की मी हातातलं काम ठेवते. चहा गार म्हणाले तर गरम करते. बोलतायत ना — आणखी काय हवं?

पण आप्पांचे दिवस झाले त्या संध्याकाळी ह्यांनी टाइप केलं, "तू होतीस म्हणून आप्पाशी बोललो."

मी म्हटलं, "असू दे हो." आणि ते आभार ठेवून घेतले.