डब्यातली खिरापत

आमचे हे, म्हणजे मयुराचे बाबा, सुशील. नागपूरजवळ वाडीले ट्रान्सपोर्टच्या गोडाउनात कामाले आहेत अन् घरी आले की स्पीकर खोलून बसतात. माणूस सोन्यासारखा, पण त्याईचं टेबल पाहिलं की डोक्याले ताप! जिकडेतिकडे तारा, स्क्रू, सोल्डरचे थेंब. इतवारीतल्या गल्लीत बापूजी नावाचे म्हातारे रेडिओवाले होते, हा नाद ह्याईले त्याईनंच लावला. बापूजी म्हणत, स्वस्तातला स्पीकर फेकू नये, आतले हलके पार्ट बदलावे, मंग पाहा कसा बोलते. आवाज वाटून द्याची एक पट्टी असते आत, क्रॉसओव्हर म्हणतात. जाड आवाज मोठ्या स्पीकरले, बारीक आवाज छोट्याले. कंपनीवाले नेमके तिथंच हात आखडतात. मले हे काहून माहीत? लग्न झाल्यापासून दुसरं ऐकलंच काय बाप्पा मी!

मयुरा आमची एकुलती एक. पावसाळा सरता घरोघरी पोरींची भुलाबाई बसली की तिच्या अंगात यायचं. आमच्याकडे गाणी झाली की पोरी खिरापतीचा डबा कानाशी हलवतात अन् बाकीच्याईनं आवाजावरून ओळखायचं, आत काय आहे. त्या दिवशी मी कन्हानले भावाकडे गेली होती. पोरीनं स्वतःच स्टीलचा डबा भरला अन् बाबासमोर उभी राहिली. हे मोबाइलवर रेकॉर्ड करून राहिले होते. "ओळखा बाबा!" हे म्हणाले, "शेंगदाणे!" तेवढ्यात गोडाउनातून फोन आला. ती हासली, "हरले, हरले! उद्या सांगजा." तिथंच रेकॉर्डिंग संपते.

रात्री ताप चढला. डेंगू निघाला. दवाखान्यातून मी तिच्या चपला घेऊन घरी आली. दुखवट्याले आलेल्या बायांनी सारं घर आवरलं, डबाही घासून ठेवला. आतलं काय होतं, कुठं टाकलं, कोणालेच आठवत नाही.

तेव्हापासून हे रोज संध्याकाळी ते रेकॉर्डिंग लावतात. इअरफोनवर ऐका म्हटलं, तं म्हणाले, "कानात घातलं की ती डोक्यात बोलते वं, घरात नाही बोलत." पण आमच्या स्पीकरवर डबा हलला की नुसतं खस्स. एक दिवस हे म्हणाले, "वंदना, पोरीनं विचारलं अन् मी चुकीचं सांगितलं. उत्तर द्याचं राहिलं माझं."

मी भडकली. "पोरगी गेली अन् तुम्ही डबा धरून बसले!" बोलली अन् लगेच तोंडावर पदर धरला. हे टेबलाशी गेले. पेचकस घेतला अन् एक स्पीकर खोलला. क्रॉसओव्हरवरचा शेंगदाण्याएवढा कंडेन्सर नागपूरच्या उन्हाळ्यांनी पार वाळला होता. त्याईनं न वाळणारा, फिल्मवाला नवा लावला, जाड तांब्याच्या तारेची कॉइल हातानं गुंडाळून बसवली. दुसरा स्पीकर तसाच ठेवला, फरक कळावा म्हणून. बापूजीची शिकवण!

मी पोळ्या लाटून राहिली होती. समोरच्या खोलीत मयुरानं श्वास घेतला. रेकॉर्डिंगात असतो तसा नाही हो, दाराशी उभं राहून घेते तसा. पिठाच्या हातानं धावली मी. "मयू!" खोलीत फक्त हे बसले होते, नव्या पार्टच्या स्पीकरसमोर, पांढरेफटक. मंग बांगड्या वाजल्या. मंग डबा. दाणा न् दाणा वेगळा.

त्यानंतर आमच्या घरात येडेपणा सुरू झाला. मी तोच डबा घ्यायची अन् स्वयंपाकघरातलं एकेक भरून हलवायची. शेंगदाणे, फुटाणे, खडीसाखर, सुपारी, चिंचोकेसुद्धा. हे डोळे मिटून ऐकत. "नाही. हे नाही." मीच चिडायची अन् मीच परत नवीन काही शोधायची. खोटं काहून बोलू, मलेही आता पाहिजेच होतं ते.

एका रविवारी त्याईनं दुसरा स्पीकर खोलला. काढलेले जुने कंडेन्सर, रेझिस्टर टेबलावर पसरले होते. जेवायची वेळ झाली, म्हणून मी करवादत ते सारे त्याच स्टीलच्या डब्यात लोटले, झाकण लावलं अन् निघाली.

डबा वाजला.

मी जागीच थांबली. हे खुर्चीतून उठले. "हलव," म्हणाले. मी हलवला. माय वं! तोच आवाज. अन् मले आठवलं, त्या दिवशी मी कन्हानहून आली तं हे स्पीकरातून काढलेले जुने पार्ट शोधून शोधून माझ्यावर ओरडले होते. पोट्टीनं बापाच्याच टेबलावरून खिरापत नेली होती!

हे हासून राहिले होते अन् डोळे वाहून राहिले होते. दोन्ही नव्या स्पीकरांवर रेकॉर्डिंग लावलं. बांगड्या वाजल्या, डबा वाजला. "ओळखा बाबा!"

"माझे कंडेन्सर, मयू!" हे ओरडले, पण त्याईच्या आवाजावर त्याईचाच जुना आवाज चढला, "शेंगदाणे!"

पोरीनं श्वास घेतला. देवाशपथ, मले वाटलं, आता हो म्हणेल.

"हरले, हरले! उद्या सांगजा."

हे स्पीकरजवळ गेले. जाळीवर हात ठेवला, तिच्या डोक्यावर ठेवत तसा.

"हाव माय," म्हणाले, "उद्या सांगतो."