फास्ट बसचा थांबा आणि आक्काची मेथी

आधी कपातला चहा संपवा बघू. तोंडात घोट असताना ही फजिती ऐकलीत तर तो घोट माझ्याच शर्टावर येतो, असा अनुभव आहे!

उद्यमबागेतनं पिरनवाडीकडं जाताना रस्त्याला लागूनच आमचं शेत. फार न्हाय, एवढंसंच. मी उद्यमबागेत एका फाउंड्रीत सुपरवायझर. शेत बघते ती माझी थोरली बहीण, आक्का. दाजी गेल्यावर ती माहेरी आली आणि त्या तुकड्यात मेथी, कोथिंबीर, मुळा पिकवून तिनं आमचं घर उभं केलं. माझं शिक्षणसुद्धा त्या मेथीवरच झालंय. आणि बघा, त्याच मेथीवर मी मुरूम टाकायला निघालो!

झालं काय, तर गावात बातमी आली, शहरातनं फास्ट बस सुरू होणार. मोजकेच थांबे, तिच्यासाठी रस्त्याची एक कड मोकळी, बसलं की भुर्रकन स्टँडवर. आणि जिथं थांबा होईल तिथल्या जमिनीचं सोनं! दुकानं येणार, फ्लॅट येणार, बँक येणार. गावात दुसरं बोलणंच न्हाय.

एक दिवस आमच्या बांधासमोरच मापं घेणारी माणसं उतरली. त्यांचे साहेब कानडी. आता माझं कानडी म्हणजे काय विचारता! फाउंड्रीत निम्मी माणसं कानडीच की. मी ऐटीत पुढं झालो. "सर, बस इल्ली निल्तैतेनरी?" म्हणजे, बस इथं थांबणार काय?

साहेब म्हणाले, "निल्..." आणि तेवढ्यात वाळूचा ट्रक भोंगा वाजवत गेला. पुढचा शब्द त्या भोंग्यात बुडाला!

आता कानडीत सगळा कारभार शेपटाला असतो बघा. "निल्तैती" म्हणजे थांबते आणि "निल्लंगिल्ल" म्हणजे थांबत न्हाय. मी कुठलं ऐकलं असेल? जे ऐकायचं होतं तेच!

घरी येऊन आक्काला सांगितलं, "आक्का, थांबा आपल्या दारात! शेत सपाट करूया, मुरूम टाकूया, गाळे काढूया."

"कोण म्हणालं?"

"साहेब म्हणाले. मधेच ट्रकचा भोंगा वाजला, पण मी ऐकलं की."

"परत एकदा इचारून ये जा."

"तू मला कानडी शिकवायलीस व्हय?"

ती भाकरी थापायला वळली. पण मुरमाचा टिपर बांधाला लागला तेव्हा बाई मेथीच्या मधोमध उभी! हातात खुरपं, पदर खोचलेला. टिपरवाला म्हणतोय, "आक्का, बाजूला व्हा की." आक्का म्हणतेय, "वत. आधी माझ्यावर वत, मग मेथीवर."

टिपरवाल्यानं माझ्याकडं बघितलं. मी आभाळाकडं बघितलं. शेवटी तह झाला, रस्त्याकडची पट्टी तेवढी माझी, बाकी शेताला हात लावायचा न्हाय.

बरं, पट्टी तर पट्टी! तिथं पत्र्याचं शेड ठोकलं, वर हा मोठा बोर्ड, 'बस स्टॉप टी सेंटर'. पुढच्या वळणावर खांब पुरायला लागले होते, छप्पर चढायला लागलं होतं. लोक म्हणाले, "परशा, थांबा तिथं दिसतोय रं." मी म्हणालो, "तो दुसरा असंल!" आत्मविश्वास बघा माझा.

पहिली बस येणार त्या दिवशी मी आख्ख्या गल्लीला आवतण दिलं. चहा आणि कांदाभजी फुकट! गर्दी तर होणारच. एका हातात झेंडूचा हार, दुसऱ्या हातात नारळ घेऊन मी रस्त्याच्या कडेला उभा.

आली! नवीकोरी, झकास बस. पण वेग काय कमी होईना. मला वाटलं, ड्रायव्हर नवीन दिसतोय, थांबा माहीत नसंल बिचाऱ्याला. आणि मी नारळाचा हात वर करून सरळ रस्त्यात उडी घेतली!

कच्चकन ब्रेक. ड्रायव्हर पांढराफटक. पहिल्याच दिवशी एक माणूस नारळ उगारून काचेसमोर उभा आहे म्हटल्यावर त्यानं काय समजावं? "येनरी, सायतीरेनरी?" तो ओरडला. मरायचंय काय, असं विचारत होता.

"स्वागत! स्वागत!" मी म्हणालो.

तेवढ्यात मागनं कोणीतरी, तोंडात भजी तशीच, ओरडलं, "थांबा मिळालाच पाहिजे!" आणि माझी सगळी पाव्हणेमंडळी, "मिळालाच पाहिजे!" कुणाला काही ठाऊक न्हाय हो! पण आमच्याकडं एकानं घोषणा दिली की बाकीच्यांचे हात आपोआप वर जातात. बसच्या मागं ही गाड्यांची रांग. कोणीतरी उत्साहानं तो हार माझ्याच गळ्यात घातला.

पोलीस आले. हवालदारानं विचारलं, "लीडर यारू?" म्हणजे, पुढारी कोण?

हार कुणाच्या गळ्यात? झालं!

ठाण्यात बाकावर मी हारासकट बसलो. पाव्हणे कुठं गेले देव जाणे, भज्यांचं ताटही गायब. डोक्यात एकच, फाउंड्रीत कळलं तर नोकरी जाणार. आणि दारात आक्का उभी राहिली, तशीच शेतातनं, हाताला माती. भाजीबाजारात आयुष्य गेलेली बाई, तिचं कानडी शेपटासकट चोख. तिनं हवालदाराला सगळं सांगितलं. ट्रकचा भोंगा, टिपर, बोर्ड. शेवटी म्हणाली, "साहेब, ह्यो लीडर न्हाय. ह्यो नुसताच शाणा हाय."

हवालदार टेबलावर डोकं टेकून हसला. सोडलं मला.

वाटेत मला वाटलं, आता बोलणार, धुऊन काढणार. ती एवढंच म्हणाली, "सकाळपासनं काय खाल्लास काय न्हाय? चल, भाकरी हाय." खरं सांगतो, रस्त्यातच माझे डोळे भरून आले.

थांबा अर्थातच वळणावर झाला. तिथली शेतं बघता बघता गेली. अपार्टमेंट, मोबाइलची दुकानं, जिम, सगळं आलं. फास्ट बस चांगली आहे हो, मी रोज तिनंच जातो. पण त्या सगळ्या सिमेंटच्या मधे हिरवा तुकडा आता आमचाच तेवढा. संध्याकाळी बसमधनं उतरलेली माणसं चालत येतात आणि माझ्या शेडमधनं आक्काची भाजी घेऊन जातात. हातोहात संपते. त्या दिवशी ती मेथीत उभी राहिली नसती तर मी आज मुरमावर बसून थांब्याकडं बघत असतो.

परवा अपार्टमेंटमधले एक रिटायर्ड मास्तर जुडी घेता घेता मला म्हणाले, "अण्णा, मानलं तुम्हाला. सगळे विकून मोकळे झाले, तुम्ही शेत राखलंत. ही दूरदृष्टी आली कुठून?"

मी जरा खाकरलो. म्हणालो, "काय न्हाय मास्तर, थोडा अभ्यास केला."

आक्का वर न बघता मेथीच्या जुड्या बांधत म्हणाली, "व्हय की. पोलीस ठाण्यात बसून केला."