रिकाम्या हातांनी

कापून ठेवलेल्या भाताला मार्गशीर्षातल्या संध्याकाळी एक गोडसर, उबदार वास येतो. आमच्या अंबरनाथला त्या वासात काडेपेटीच्या कारखान्यातला गंधकाचा दर्प मिसळलेला असायचा. त्यामुळे आजही कुठे काडी ओढली की माझ्या डोळ्यांपुढे आधी ज्योत येत नाही, शेतं येतात. कापणी झालेली, पिवळी, मलंगगडाच्या निळसर कड्यापर्यंत पसरलेली, आणि त्यांच्या बांधावरून एकटीच चाललेली माझी धाकटी जाऊ, कुमुद. पदर खांद्यावरून घट्ट घेतलेला, मान ताठ आणि हात रिकामे. हे रिकामे हात तेवढे लक्षात असू द्या, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरूनच झालं.

देश नुकताच स्वतंत्र झाला होता. माझे यजमान आणि त्यांचे धाकटे बंधू वसंतभाऊजी दोघेही त्या कारखान्याच्या कचेरीत होते, आणि चाळीतल्या दोन खोल्यांत सासूबाईंसह आमचा संसार होता. कुमुद वांगणीकडची. कामाला वाघीण, हाताला चव, बोलणं मोजकं. खोट काढायला जागा नव्हती. फक्त दुपारचं आवरून झालं, आणि उन्हाचा रंग मधासारखा दाट व्हायला लागला, की ती चपला घालायची आणि निघायची. नदीपर्यंत, कधी पलीकडे निर्वासितांच्या छावणीच्या अंगाला, आणि दिवेलागणीच्या आत परत. कुठे गेली होतीस म्हटलं, तर शांतपणे सांगायची, “कुठे नाही. जरा चालून आले.”

आता तुम्हाला यात काही वावगं दिसणार नाही. पण त्या काळी बाई घराबाहेर पडायची ती काहीतरी घेऊन. कमरेवर कळशी, नाहीतर धुण्याची बादली, दळणाचा डबा, अगदीच काही नाही तर कडेवर मूल. हातातली वस्तू हेच तिचं उत्तर असायचं. ते दिसलं की कोणी प्रश्न विचारत नसे. कुमुदच्या हातात काहीच नसायचं, आणि त्या काहीच-नसण्याचा अर्थ कोणाला लावता येईना. भाऊजी स्वतः रोज जेवणानंतर पान लावून फेरफटका मारायचे, त्याला पचन म्हणत. तिच्या चालण्याला नाव नव्हतं. मग लोकांनी ठेवलं.

समोरच्या खोलीतल्या मालतीकाकूंनी एक दिवस नळावर मला गाठलं. “काय गं, तुझी जाऊ काल नदीवर नुसतीच उभी होती म्हणे. काही हरवलं होतं का तिचं?” मी म्हटलं, नाही हो. “मग डोकं हरवलं असेल,” त्या म्हणाल्या, आणि नळावरच्या सगळ्या हसल्या. हसण्यातून बोलणं निघालं, बोलण्यातून कुजबुज, आणि महिनाभरात आमच्या दाराशी ती पक्की बातमी होऊन उभी राहिली. सासूबाईंनी मिरच्या-मोहऱ्या ओवाळल्या, अंगारा लावला, दंडाला काळा दोरा बांधला. कुमुदनं सगळं निमूट करून घेतलं आणि दोरा बांधलेल्या दंडानं ती पुन्हा फिरून आली.

सासूबाई म्हणायच्या, “चारचौघींसारखं वागायला काय होतं हिला?” या चारचौघी कोण, हे मी आयुष्यभर शोधते आहे. कारण आमच्या चाळीतल्या चौघी मला चांगल्या ठाऊक होत्या. एक जण चुलीत घालायची लाकडं आधी धुऊन घ्यायची, मग दिवसभर त्या ओल्या लाकडांच्या धुरात खोकत बसायची. एक जण गेलेल्या मुलाचा सदरा दर शनिवारी धुऊन, वाळवून, घडी घालून ठेवायची आणि त्याच्याशी बोलायची. मालतीकाकू पाल चुकचुकली की हातातला घास खाली ठेवायच्या, आणि आमच्या सासूबाई तर नवऱ्याचं नाव तोंडी येईल म्हणून त्या नावाच्या भाजीलासुद्धा दुसरंच काही म्हणायच्या. या सगळ्या शहाण्या, कारण त्यांचं वेड सर्वांच्या ओळखीचं होतं. कुमुदचं तेवढं नवं.

प्रकरण तेवढ्यावर राहिलं असतं तर मी हे लिहायला बसले नसते. पण भाऊजी कोणा वकिलाकडून ऐकून आले होते की नव्या कायद्यानं पहिली असताना दुसरी करता येत नाही. पहिली वेडी असल्याचं सिद्ध झालं तर मात्र सोडता येते. एका सकाळी चहा घेताना ते आईला म्हणाले, “वांगणीला पोचवून येतो. पुढचं पुढे पाहू.” पडद्याआड कुमुद तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला नाही, पण मी पाहिलं, ती खडे तांदळात ठेवत होती आणि तांदूळ बाहेर टाकत होती.

त्याच आठवड्यात छावणीतली पापडवाली आली. सिंधहून आलेली, माझ्याहून थोडी मोठी. तिला आम्ही दादी म्हणायचो, त्यांच्यात थोरल्या बहिणीला तसं म्हणतात. सैनिकांच्या जुन्या बराकीत गोणपाटाचे पडदे लावून पाच कुटुंबं राहायची, त्यांतलं एक तिचं. मी सहज म्हटलं, दादी, एवढं ऊन डोक्यावर घेऊन कशाला हिंडतेस, बाजारात बसून विक. ती हसली. “बैठ गयी तो रोना आता है, बहन. पापड का तो बहाना है. टोकरी देखके कोई पूछता नहीं, कहाँ चली.”

दुसऱ्या दिवशी मी पितळेचं तबक घासलं, त्यात बेलाची पानं, फुलं, निरांजन ठेवलं आणि निघालेल्या कुमुदच्या हातात दिलं.

“वहिनी, मला देवळात नाही जायचं,” ती म्हणाली.

“ठाऊक आहे मला. कोणी विचारलं तर शिवमंदिरात चाललेय म्हण. देव काही चौकशीला येत नाही. धर.”

वाट तीच, वेळ तीच, बाईही तीच. पण पंधरवड्यात चाळीचा सूर पालटला. मालतीकाकू म्हणाल्या, “मला पहिल्यापासून वाटायचं हो, हिच्या चेहऱ्यावर काहीतरी तेज आहे.” सासूबाईंनी सगळं श्रेय अंगाऱ्याला दिलं. भाऊजींनी वकिलाचं नाव काढणं सोडलं. मला वाटलं, जिंकलो आपण.

मग श्रावण आला आणि बायका म्हणाल्या, आम्हीही येतो गं तुझ्याबरोबर. एक आली, पाच आल्या. बांधावरून पाय घसरतात म्हणून सगळ्या सडकेनं जाऊ लागल्या. रेशनचे लाल गहू, कोणाच्या सुनेचं माप, कोणाला दिवस राहिले, असं बोलत, थांबत, सभामंडपात ऐसपैस बसत, आणि कुमुद त्यांच्या मधोमध, पालखीतल्या मूर्तीसारखी, सर्वांच्या गतीनं पुढे सरकणारी. काही महिन्यांनी ती म्हणाली, गुडघा दुखतो, मी घरीच पूजा करीन. त्याचंही कौतुकच झालं. घरातच देव पाहते म्हणाले. चपला कोनाड्यात गेल्या.

मी चुकले असं मला वाटत नाही. दुसरं काय करता आलं असतं, ते मला आजही कोणी सांगावं. ती नांदली, तिला मुलं झाली, भाऊजींनी बदलापूरला जागा घेतली. पण ज्याला बरं होणं म्हणतात ते चपला कोनाड्यात गेल्या त्या दिवसापासून मला नीट पाहवत नाही.

बऱ्याच वर्षांनी एका दुपारी तिला ताप आला म्हणून मी बदलापूरला गेले. भाऊजी ओसरीवर वर्तमानपत्र वाचत होते. समाधानानं म्हणाले, “आता अगदी चारचौघींसारखी आहे, वहिनी. महिनामहिना उंबऱ्याबाहेर पाऊल नसतं.” मी आत जाऊन तिच्या पायांना तूप लावलं आणि त्यांच्यावर काशाची वाटी घासू लागले. तळवे तान्ह्या मुलासारखे मऊ झाले होते, कुठे भेग नाही, घट्टा नाही. खिडकीतून करवंदीच्या फुलांचा वास येत होता. हळूहळू तिचा डोळा लागला. आणि माझ्या हातातला तिचा उजवा पाय थोडा पुढे सरकला, थांबला, मग डावा. मग पुन्हा उजवा. संथ, एका लयीत, कुठलीच घाई नसल्यासारखे.

भाऊजी दारात येऊन उभे राहिले. “काय होतंय तिला? पाय का हलवतेय?”

“थंडी वाजतेय,” मी म्हटलं, आणि पांघरूण तिच्या पायांवर ओढून घेतलं.

ते परत जाऊन बसले. पांघरुणाखाली ते पाय नंतर कुठवर गेले, मला कळलं नाही.