मामा, तुम्ही बोलायचं नाही

माझी भाची नऊ वर्षं सिनेमावाल्यांकडे कामाला. कपात चहा कुठवर होता, नटाच्या शर्टाची कितवी गुंडी उघडी होती, हे वहीत टिपून ठेवायचं. म्हणजे दुसऱ्या दिवशी तोच प्रसंग पुढे घेताना घोळ होत नाही. तिला मात्र दिग्दर्शक व्हायचं होतं. मला नवल वाटे, या धंद्यात दिग्दर्शक होतात तरी कसे? एकदा विचारलंच, "परीक्षा असते का गं?"

"परीक्षाच म्हणा. निर्मात्यासमोर बसून सगळी गोष्ट तोंडी सांगायची. पटली तर काम. दोन ठिकाणी माझं त त प प झालं. मामा, या वेळी तुम्ही सांगाल?"

गोष्ट सांगण्यात माझा हात धरणारा आमच्याकडे कुणी नाही. इस्त्रीचे कपडे घालून तिच्याबरोबर गेलो.

निर्माता टेबलामागे चहा-बिस्किटं घेत बसलेला. मी सुरुवात केली. आई गेल्याचा निरोप घेऊन धाकटा भाऊ थोरल्याच्या घरी येतो, आणि थोरला नेमका जेवायला बसलेला असतो. असा रंगवला प्रसंग, की माझेच डोळे भरून आले.

"वा!" निर्माता म्हणाला. "गोष्ट घेतली. दिग्दर्शन मात्र माझा नेहमीचा माणूस करील. पोरीला त्याच्या हाताखाली ठेवू."

नऊ वर्षं ती हाताखालीच होती. माझी वाहवा झाली आणि तिचं काम गेलं. मान वर करवेना.

तेवढ्यात ती उठली. "मामा, बाहेर जाऊन परत आत या. तुम्ही धाकटे. साहेब, तुम्ही थोरले. भूक लागलीय, खात राहा. मामा, त्यांचं पोट भरेपर्यंत तुम्ही बोलायचं नाही."

"मग करू काय मी?"

"पाणी द्या. बशी पुढे सरकवा."

गप्प बसणं मला कुठलं जमायला! तरी आत आलो, बसलो, पेला भरला. निर्माता हसत हसत खात होता. मी बशी सरकवली. दुसरं बिस्किट त्यानं सावकाश खाल्लं. तिसरं तोंडाशी नेलं आणि तसंच खाली ठेवलं.

"काय झालंय? बोल ना रे!"

त्याचा आवाज खरोखरच घाबरलेला होता. मी तोंड उघडणार, तोच भाचीनं हात वर केला. मी ओठ मिटले.

निर्मात्यानं बोटांना लागलेला चुरा झटकला. मग म्हणाला, "एक दिवस देतो. एक खोली, दोन नट, हाच प्रसंग. जमला तर अख्खा सिनेमा तुझा. नाही जमला तर तू आणि तुझी वही."

"चालेल."

"आणि थोरला कोण करणार?" त्यानं हळूच कॉलर नीट केली.

भाचीनं त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "तुम्ही नाही, साहेब. तुम्ही तिसऱ्याच बिस्किटाला विचारलंत. मला सहाव्यापर्यंत थांबणारा हवाय."