शिळी डिस्क

नऊ फेब्रुवारी. डायलिसिस केंद्रातील रुग्ण एकसष्ट.

त्यांच्या नोंदी ज्या पेटीत साठवल्या जात, तिच्यात पाच हार्ड डिस्क होत्या. माहिती पाचांवर अशी वाटलेली असते की एक बंद पडली तर उरलेल्या चार मिळून तिचा वाटा भरून काढतात. दुसरीही गेली, की सगळेच अडते. केंद्रातली एक डिस्क चार महिन्यांपूर्वीच बंद पडली होती. पेटीवर लाल दिवा लुकलुकत होता, पण काम चालत होते. म्हणून कोणी लक्ष दिले नाही. दुसरी आदल्या दिवशी गेली. आता दोहोंपैकी एक तरी वाचती करणे भाग होते. व्यवस्थापक पेटी घेऊन, बिघडलेल्या डिस्कमधली माहिती काढून देणाऱ्या दोघी बहिणींच्या दुकानात आला आणि त्याने दारातूनच विचारले, "धाकट्या मॅडम आहेत का?"

थोरलीने पेटी त्याच्या हातातून घेतली. "आहेत. मीही आहे."

दुकान थोरलीने उभारले होते. धूळ गाळणाऱ्या काचेच्या कपाटात हात घालून डिस्क उघडायची आणि आतले माहिती वाचणारे नाजूक हेड बदलायचे, हे काम ती ऐन तारुण्यापासून करत आली होती. धाकटीला तिनेच बोट धरून शिकवले. पुढे धाकटीने पडद्यावरची विद्या मिळवली. कोणती डिस्क कितव्या जागेची, माहितीचे तुकडे कोणत्या क्रमाने जुळवायचे, हे ती आकड्यांच्या रांगा पाहून ओळखे. गिऱ्हाइकाला कपाटातले हात दिसत नाहीत. हरवलेली फाइल उघडते, त्या क्षणी पडद्यासमोर जो बसलेला असतो तोच त्याला दिसतो, आणि आभारही त्याच्याच वाट्याला जातात. अन्याय लहान होता, पण रोजचा होता. परक्याचा उत्कर्ष माणूस सोसतो. आपण घडवलेल्याचा सोसणे जड जाते, कारण त्यातला आपला हिस्सा कोणी मोजत नाही. अलीकडे थोरलीला धाकटीची चष्मा पुसण्याची सवयही खुपू लागली होती.

"कालची डिस्क मी घेते," धाकटी म्हणाली. "तिच्यावर ओरखडे आहेत, नाही निघाली तर जुनीवर भागवावं लागेल. ती तू बघ ताई, जमली तर."

"जमली तर?"

"हेड गेलेत गं तिचे, म्हणून म्हटलं."

"माझ्याकडे शिकत होतीस तेव्हा काय हेड जायचे नाहीत?"

दुसऱ्या दिवशी दुपारी थोरलीची डिस्क फिरू लागली आणि शेवटच्या कोपऱ्यापर्यंत वाचली गेली. इतके स्वच्छ काम तिच्याही हातून क्वचितच झाले होते. धाकटीची अजून अडखळत अर्ध्यावर होती.

धाकटीने वाचलेल्या नोंदींच्या तारखा पाहिल्या. "सुरेख झालंय, ताई. पण ही शिळी. चार महिन्यांत जे लिहिलं, ते हिच्यावर नाही. माझी निघाली की ही बाजूला ठेवायची."

"म्हणजे माझी मेहनत पाण्यात."

"मेहनत कुठे, डिस्क बाजूला ठेवायची म्हणतेय मी."

"नाकापेक्षा मोती जड झालाय, दुसरं काय."

धाकटी समजूतदारपणे हसली. थोरलीला लागले ते हेच. समजूत नेहमी वरच्या पायरीवरून घातली जाते.

धाकटी मुलीला शाळेतून आणायला गेली आणि मागोमाग व्यवस्थापक आला. "दोन पाळ्या पुढे ढकलल्या, आता नाही ढकलता येणार. कोणाच्या अंगातून किती पाणी काढायचं, ते नोंदलेल्या वजनावर ठरतं. काही मिळालं का?"

"सगळं मिळालं," थोरली म्हणाली.

तिला माहीत नव्हते असे नाही. शिळी डिस्क चालू डिस्कांच्या मांडणीत जोडून घेऊ नये, हा धडा धाकटीला तिनेच दिला होता. तरी तिने ती घेतली. पडद्यावर रुग्णांची नावे उघडली. काही पाने उघडली नाहीत, ती तिने पटकन ओलांडली. व्यवस्थापकाचे डोळे भरून आले.

नोंदींची प्रत हातात घेत तो म्हणाला, "धाकट्या मॅडमना माझे आभार सांगा."

"तिचा यात हात नाही," थोरली म्हणाली. कित्येक वर्षांत ती इतकी सुखावली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पाळीत एक शिंपी होता. मधल्या चार महिन्यांत तो अंगाने तीन किलोंनी भरला होता. पडद्यावर मात्र जुनेच वजन होते, म्हणून ते तीन किलोही काढायचे पाणीच धरले गेले.

"काका, एवढं पाणी चढलंय अंगावर?" सिस्टरने विचारले.

"मला काय ठाऊक बाई. कॉम्प्युटर म्हणतोय ना, मग असेल."

उपचार निम्म्यावर असतानाच त्याचा रक्तदाब कोसळला. तो वाचला. पण ज्या हातातून रक्त यंत्रात नेले जाई, त्या हातातली शस्त्रक्रियेने जोडलेली रक्तवाहिनी गोठून बंद झाली.

त्याच दिवशी धाकटीची डिस्क निघाली. तिने खरी मांडणी जुळवली आणि केंद्राला फोन केला, "पहिली प्रत चुकीची होती. चूक आमची." थोरली शेजारीच उभी होती. त्या कबुलीतही तिला धाकटीचा मोठेपणाच दिसला, आणि तो तिला सोसवला नाही.

शिंप्याच्या दुसऱ्या हातावर, कात्री धरण्याच्या हातावर, नवी शस्त्रक्रिया करावी लागली. केंद्राने दुकानाचे बिल पूर्ण चुकते केले. थोरली शिंप्याला भेटलेली नाही. त्याचे देणे मात्र तिच्याकडे अजून बाकी आहे.