वहिनीचा अर्धा कोयता

अन्याय झाला तो माझ्या वहिनीवर. कधी झाला तेही सांगते, कारण मोघम लिहायची मला सवय नाही. मागच्या संक्रांतीला, भर दुपारी, गल्लीतल्या बाया वाण लुटायला निघाल्या होत्या त्या वेळेला. तिने कधीच न उच्चारलेला एक शब्द तिच्याच आवाजात लोकांना ऐकवला गेला. तिला न विचारता. ती त्या वेळी दूरच्या उसात मोळ्या बांधत होती.

मी पत्रकं लिहिते. शिरूर कासारच्या बाजारात माझ्या हातून एखादं तुम्ही घेतलंही असेल, आणि त्यात भजी गुंडाळली असतील. ऊसतोड कामगारांच्या मागण्यांची पत्रकं. जवळजवळ प्रत्येकात मी एका शब्दावर तुटून पडते: कोयता. आमच्याकडे ऊस तोडायला जाणारं जोडपं, नवरा-बायको मिळून, म्हणजे एक कोयता. मुकादम विचारतो, "औंदा किती कोयते?" माणसाला हत्याराचं नाव. आणि जोडीतलं एकटंच माणूस निघालं, तर तो अर्धा कोयता.

दादा, माझा थोरला भाऊ, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढत होता. फळी ओली होती. कंबर गेली ती गेलीच. आता तो घरी शेळ्या बघतो, काठी टेकत. पुढच्या हंगामाला मुकादम दारात आला आणि वहिनीला म्हणाला, "तू आता अर्धा कोयता. जोडीला दुसरी अर्धी बाई बघ." माझं डोकं फिरलं. मी त्याला पत्रकच ऐकवणार होते, तेवढ्यात वहिनी म्हणाली, "मला अर्धी म्हणा खुशाल. बाकीचा अर्धा हा काय, बाजंवर बसलाय."

दादा इतका हसला की कंबर धरून आडवा झाला. पडल्यापासून तो हसला नव्हता.

तेच त्याचं नाव पडलं. आमच्या वहिनीसारख्या बाया अजून नवऱ्याचं नाव घेत नाहीत. उसाच्या फडावरून तिचा फोन यायचा, मी उचलला की म्हणायची, "वन्सं, माझा अर्धा कोयता हाय का तिथं?" आणि दादा ऐकू न आल्यासारखं करायचा, काठी शोधायचा, दोनदा खाकरायचा, मग फोन घ्यायचा.

गाणं त्या फोनातूनच आलं. एके दिवशी ती बोलता बोलता गुणगुणली आणि दादाने फोन स्पीकरवर टाकला:

अर्धा कोयता फडामंदी, अर्धा कोयता घरी,
दोन चुली पेटल्या तरी एकच भाकरी.

पुढं रोज एखादी ओळ वाढायची. दादा तिला म्हणायचा, "कालची ओळ बरी होती, आजची पांचट हाय." ती म्हणायची, "मग तुमी रचा की, बसून तर असता."

अंबाजोगाईला माझ्या कॉलेजातला एक दोस्त राहतो. घाटनांदूरकडचा, बाप मेंढरं राखतो, हा लग्नाची आणि निवडणुकीची गाणी करतो. पिठाच्या गिरणीवरची खोली त्याने भाड्याने घेतली आहे, भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या आहेत आणि तिला स्टुडिओ म्हणतो. मी त्याला त्या ओळी ऐकवल्या. त्याने त्या मला परत म्हणायला लावल्या. मग म्हणाला, "पुढारीण, हे तू लिहिलेलं न्हाई."

"का?"

"ह्यात कुणाचा निषेध न्हाई."

पुढची दिवाळी झाली, गावात तोडीच्या गाड्या लागायला सुरुवात झाली, तेव्हा निघायच्या आधी आम्ही वहिनीला अंबाजोगाईला नेलं. मला गाण्यात डफ हवा होता आणि शेवटी दोन तरी मागण्या हव्या होत्या. दोस्ताने पियानोचे चार सूर लावून ठेवले होते, संथ, पाणी ठिबकावं तसे.

"हे काय टिपटिप?" वहिनी म्हणाली.

"पॉप हाय वहिनी. हळू पॉप."

"हळू कावून?"

"तुमचं माणूस लांब हाय म्हणून."

तिला ते पटलं. मला म्हणाली, "वन्सं, मागण्या तुमी मोर्च्यात मागा. मला एकच पायजे. ह्यांनी ऐकावं आन् चार लोकांनी ऐकावं की हे माझे हायेत." मी मागण्यांचा कागद परत पिशवीत घातला. मला गप्प बसवणारी माणसं फार नाहीत.

गिरणी चालू असली की खोलीची फरशी थरथरते, म्हणून दोस्त लाईट जायची वाट बघतो. लाईट गेली की गिरणी बंद, आणि बॅटरीवर गाणं सुरू. पण माईकसमोर उभी केल्यावर वहिनीला गाताच येईना. हात कुठे ठेवावे कळेना, कधी पदराला, कधी कानाला. शेवटी म्हणाली, "भाऊ, हाताला काम द्या काहीतरी. रिकाम्या हातानं मला न्हाई जमत." दोस्त खाली जाऊन मेथीची जुडी घेऊन आला. ती खाली बसली, मेथी निवडायला लागली आणि गाणं सुरू झालं. एका दमात, पहिल्यापासून शेवटापर्यंत. तिच्या आवाजामागे काड्या मोडल्याची बारीक खसखस होती. दोस्त कानाचे हेडफोन काढून नुसता बघत बसला.

"परत म्हणू का?" तिने विचारलं.

"नको."

"मंग ही मेथी न्या, भाजी करा. वाळलाय किती बघा."

ती टोळीच्या गाडीने उसाला गेली. दोस्ताने गाणं शहरातल्या एका मोठ्या चॅनेलला पाठवलं. त्यांना लई आवडलं. संक्रांतीला टाकतो म्हणाले. शब्द बदलू असं कुणी म्हणालं नाही, आणि असं विचारून ठेवावं हे आम्हाला कुणाला सुचलं नाही. बोललेला शब्द बोलणाऱ्याचा असतो, एवढीच आमची समजूत.

संक्रांतीच्या सकाळपासून दादाने फोन चार्जिंगला लावला होता. दाढी केली. गल्लीतली चार माणसं दारात येऊन बसली, त्यांना तिळगूळ दिला. आवाज मोठा यावा म्हणून फोन स्टीलच्या पातेल्यात उभा केला. पियानो टिपटिप वाजला. दादाने मान खाली घातली. आणि वहिनी गायली:

अर्धा चांदवा फडामंदी, अर्धा चांदवा घरी…

मला वाटलं, माझ्या कानाचा दोष. पण दुसऱ्यांदा तेच आलं, तिसऱ्यांदा तेच. शेजारची एक म्हातारी म्हणाली, "चांदवा मंजे मांडवाला बांधत्यात ते कापड ना? ते अर्धं कसं काय घरी?" कुणी हसलं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं की मूळ शब्द कुठला आणि तो कुणाचा.

गाणं संपल्यावर दादा म्हणाला, "चांगलं झालंय." फोन पातेल्यातून काढला आणि शेळ्यांकडे गेला.

मी दोस्ताला फोन लावला. तोही चक्रावला होता. त्याने चॅनेलवाल्याला विचारलं. उत्तर आलं की आजकाल आवाजाचा नमुना दिला की मशीन हवा तो शब्द त्या आवाजात म्हणून देतं, गायिकेला परत बोलवायची गरज नाही. आणि कोयता का काढला? तर शहरात कोयता म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे गल्लीतले गुंड येतात. हळुवार गाण्यात ते बरं दिसत नाही, म्हणून चंद्र घातला, गावरान वाटावा म्हणून चांदवा. दोस्त मला म्हणाला, "नीट ऐक. चांदवा आला की मेथी थांबते." मी ऐकलं. खरंच. सगळ्या गाण्यात काड्या मोडत होत्या आणि त्या एका शब्दापाशी हात गळून पडल्यासारखी शांतता. मशीनला मेथी निवडता येत नव्हती.

गाणं चाललं. चाललं कसलं, धावलं. हळदीच्या मांडवात वाजलं, ट्रॅक्टरवर वाजलं. नवरा-नवरीच्या व्हिडिओखाली वाजलं. लोकांनी खाली लिहिलं: काय आवाज आहे, रडवलंत ताई. मला त्या लोकांचा राग नाही. आवाज होताच तसा.

पण आमच्या घरात फोन वाजला की दादा म्हणायला लागला, "तूच बोल. मला शेळ्यास्नी पाणी दाखवायचंय." वहिनी विचारायची, "कुठं गेलेत?" मी सांगायचे, शेळ्यांकडे. ती म्हणायची, "एवढ्या काय शेळ्या झाल्या?" तिच्या साध्या फोनवर गाणं दिसत नव्हतं, आणि फडात अजून कुणी वाजवलं नव्हतं. तिला काही ठाऊकच नव्हतं.

एका दुपारी मी दादाला धरलंच. मशीनचं सगळं सांगितलं. तो शांतपणे ऐकत राहिला आणि म्हणाला, "आवाज तिचाच हाय. मला तिचा आवाज वळखू येत न्हाई व्हय?"

"आवाज तिचा, शब्द तिचा नाही."

"शब्द तिनंच बदलला असंल, तुला वाईट वाटू नये म्हणून सांगत नसंल ती. लोकांत लाज वाटली असंल. बरोबर हाय तिचं." मग शेळीच्या पाठीवरचं कुसळ काढत म्हणाला, "अर्धा तरी होतो. तेबी काढून टाकलं."

ज्या शब्दाविरुद्ध मी पत्रकं छापत होते, त्याच शब्दावर माझा भाऊ उभा होता. मुकादमाच्या तोंडी तो शब्द हिशोब होता. माझ्या वहिनीच्या तोंडी तो नवरा होता. हे माझ्या कुठल्याच पत्रकात नव्हतं.

मी तिथेच फोन लावला. जेवणाची सुट्टी असावी, मागे बायांचा गलका होता. फोन स्पीकरवर टाकला आणि दादाची काठी माझ्याकडे घेतली, म्हणजे उठून जायला नको.

"वहिनी, गाणं म्हण."

"आता? भाकर हाय हातात."

"हातात काहीतरी असलं की तुला जमतं. म्हण."

"बाया हसत्यात, वन्सं."

"हसू दे."

ती आधी हसली, मग तोंडातला घास संपवला असावा, मग तिने सुरू केलं. पियानो नाही, काही नाही, पाठीमागे कुठेतरी ट्रक सुरू करायचा प्रयत्न चाललेला. अर्धा, म्हणाली, आणि थांबली. तिथे श्वास घ्यायची तिची सवयच आहे. मग तिच्या टोळीतल्या सगळ्या बाया एकदम म्हणाल्या, "कोयता". त्यांना ते पाठ होतं. ती रोजच म्हणत असणार. एकजण ओरडली, "अगं, तुजा अर्धा ऐकतोय का तिकडं, का झोपलाय?"

दादा भिंतीकडे तोंड करून बसला होता. वहिनी म्हणाली, "हायेत का तिथं?"

त्याने दोनदा खाकरलं. काठी शोधली, ती माझ्याकडे होती. मग फोनकडे वाकून म्हणाला, "भाकर खाल्ली का?"

"खातेच हाय. तुमी?"

"खातो आता."

मी काठी त्याच्याजवळ ठेवली आणि शेळ्यांना पाणी दाखवायला गेले. त्यांना तहान नव्हती.

नंतर मी वहिनीला चांदव्याचं सांगितलं. ती चिडेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "माझ्या गळ्यात घातला मला न इचारता?" आणि थोड्या वेळाने, "चंद्र तर सगळ्यांचाच हाय, वन्सं. कोयता माझा होता."

चॅनेलवाले शब्द परत घालायला तयार नाहीत. गाणं चालतंय, मग कशाला हात लावायचा, असं म्हणाले. दोस्ताने मेथीवालं मूळ गाणं आपल्या परीने टाकलं आहे, ते थोड्यांनी ऐकलं. ती लढाई आम्ही लढतोय, ती आमची आहे.

तुमच्याकडे मागणं वेगळं आहे. तुमच्या घरच्या हळदीत ते गाणं वाजणार. पियानो टिपटिप सुरू होईल, तुमची काकू डोळे पुसेल. ती बाई "अर्धा" म्हणेल. तिथे पटकन तोंड उघडा आणि ते कापड येण्याआधी मोठ्याने म्हणा: कोयता. मांडवात लोक बघतील, बघू द्या. दरवेळी म्हणा. माझ्या भावाचं नाव आहे ते.